उष्ण आणि पावसाळी हवेसाठी एकट्याचा हलका तंबू कसा निवडावा

सह्याद्रीत आणि कोकणात मे अखेरच्या वळिवापासून ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसापर्यंत उघड्यावर एकट्याने रात्र काढायची असेल, तर तंबूकडून एकमेकींच्या विरोधात जाणाऱ्या दोन गोष्टी मागाव्या लागतात: पाणी आत येता कामा नये आणि वारा मात्र आत खेळला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हलक्या तंबूंची घडण थंड प्रदेशातल्या डोंगरांचा विचार करून झालेली असते. तेथे आतली ऊब टिकवून धरणे हा गुण समजला जातो. पंचवीस-सव्वीस अंशांच्या दमट रात्री तोच गुण माणसाला घामाने भिजवून काढतो. म्हणून वजन, जलरोधकतेचा आकडा आणि किंमत यांकडे वळण्यापूर्वी प्रत्येक तंबूबाबत एक प्रश्न आधी विचारावा: मुसळधार पाऊस चालू असताना याचे दार उघडे ठेवता येते का? ज्या तंबूच्या बाबतीत उत्तर नकारार्थी येते, तो कितीही हलका असला तरी आपल्या हवेसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भातलावणी करताना कोकणात वापरले जाणारे इरले याच तत्त्वावर बांधलेले असते. बांबूच्या कामट्यांवर पाने अंथरून केलेले ते कवच डोके आणि पाठ झाकते, पण पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवते, त्यामुळे तासन्‌तास वाकून काम करणारा माणूस कोरडाही राहतो आणि गुदमरतही नाही. एकट्याचा तंबू निवडताना भिंतींपेक्षा छपराला महत्त्व द्यावे, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

आतले पाणी कोठून येते

सकाळी तंबूच्या आतल्या अंगाला पाणी दिसले की तो गळतो असा समज होतो. पुष्कळदा ते पाणी पावसाचे नसतेच. श्वास, घाम, ओले कपडे, भिजलेली सॅक आणि खालची ओली जमीन यांतून निघणारी वाफ पावसाने गार झालेल्या कापडाला लागली की तिचे थेंब होतात आणि वाऱ्याने कापड हलले की ते अंगावर पडतात. पावसाळ्यात बाहेरची हवाही बाष्पाने जवळपास भरलेली असल्यामुळे हा ओलावा कापडातून आपोआप निघून जाईल अशी आशा धरता येत नाही. तो वाहून नेण्यासाठी वाराच लागतो.

येथे माथ्यावरच्या छोट्या झरोक्यांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण जाहिरातींत त्यांचा फार गवगवा केलेला असतो. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच उबदार असेल तर ती वर चढून झरोक्यातून बाहेर पडते. थंडीत हे घडते. उन्हाळी पावसाच्या रात्री आतल्या आणि बाहेरच्या तापमानात फारसा फरक नसल्यामुळे हा ओढा अगदी क्षीण असतो, म्हणून झरोका असूनही उकाडा जात नाही. त्यापेक्षा समोरासमोरची दोन दारे आणि बाहेरच्या आवरणाची कड जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर ठेवण्याची सोय, या दोन गोष्टी कितीतरी अधिक उपयोगी पडतात. वाऱ्याबरोबर पाऊस आत येऊ लागला की हीच कड खाली ओढून घेता आली पाहिजे. ज्या तंबूत ती उंची एकदाच ठरलेली असते, त्यात निवड करायला जागाच उरत नाही.

दाराची पाहणी दुकानातच करावी. तंबू उभा करून दाराची चेन पूर्ण उघडावी आणि दाराच्या वरच्या टोकापासून सरळ खाली एक ओळंबा सोडल्याची कल्पना करावी. ती रेषा आतल्या झोपायच्या जागेवर पडत असेल, तर उघड्या दारातून पाऊस थेट अंथरुणावर येणार. ती रेषा जाळीच्या बाहेर, मोकळ्या ओसरीवर पडत असेल, तर सरळ पडणाऱ्या पावसात दार रात्रभर उघडे राहू शकते. काही तंबूंच्या दाराचा पदर चालायच्या काठीवर उचलून पडवीसारखा पुढे ताणता येतो. आपल्याकडे याहून चांगली सोय नाही.

प्रकार

दुहेरी आवरणाचा, म्हणजे बाहेर जलरोधक कापड आणि आत वेगळी खोली असलेला तंबू हा सुरुवातीला सर्वांत निर्धास्त पर्याय आहे, मात्र आतली खोली पूर्ण जाळीची असावी. अर्धी जाळी आणि अर्धे कापड अशी आतली खोली थंड वाऱ्यासाठी केलेली असते. तिच्यात पडून राहिल्यावर वाऱ्याची झुळूक वरून निघून जाते आणि अंगाला लागत नाही. बाहेरच्या कापडाला धरलेले थेंब जाळीवर अडतात किंवा फुटून बारीक होतात, त्यामुळे माणूस बऱ्यापैकी कोरडा राहतो. एकट्यासाठीचे असे तंबू साधारणपणे एक ते दीड किलोचे असतात.

या प्रकारात एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. काही तंबूंत आधी आतली खोली उभी करून मग तिच्यावर बाहेरचे आवरण टाकावे लागते, तर काहींत बाहेरचे आवरण आधी उभे राहते आणि आतली खोली नंतर त्याच्या आडोशाला अडकवता येते. सरीवर सर कोसळत असताना पहिल्या प्रकारात झोपायची जागा उभारतानाच भिजते, म्हणून आपण दुसराच प्रकार घ्यावा. त्याचे फायदे उभारणीपुरते थांबत नाहीत. दुपारी पाऊस वाढला तर नुसते बाहेरचे आवरण उभारून त्याखाली जेवता येते. सकाळी निघताना आतली खोली कोरडी गुंडाळून सॅकमध्ये ठेवता येते आणि ओले आवरण वेगळ्या पिशवीत बाहेर बांधता येते.

एकेरी आवरणाचे, चालायच्या काठीवर उभे राहणारे तंबू अर्धा किलो ते नऊशे ग्रॅमपर्यंत मिळतात आणि वजनाच्या आकड्याने मोहात पाडतात. त्यांत जाळी असते, पण ती बहुधा कडेकडेने, आणि डोक्यावर थेट तेच कापड असते ज्याच्यावर थेंब धरतात. रुंद पुढे आलेले छप्पर आणि चारही बाजूंनी जाळी असलेला एकेरी तंबू मोकळ्या, वाहत्या हवेच्या जागी चांगला चालतो. खोल दरीत, ओढ्याकाठी किंवा दाट झाडीत, जेथे वारा पडलेला असतो, तेथे तो सकाळपर्यंत आतून ओला होतो.

ताडपत्री आणि तिच्याखाली वेगळी टांगलेली जाळीची खोली ही जोडी मला घाटाखालच्या उकाड्यासाठी सर्वांत योग्य वाटते. तीन मीटर बाय तीन मीटरच्या हलक्या ताडपत्रीचे वजन सोपे गणित करून काढता येते: चौरस मीटरला ५० ग्रॅम वजनाचे सिलिकॉन लेपाचे नायलॉन असेल तर ९ चौरस मीटरला ४५० ग्रॅम होतात, तर हार्डवेअरच्या दुकानातली चौरस मीटरला १०० ग्रॅमची निळी विणलेली ताडपत्री त्याच मापात ९०० ग्रॅम भरते. जाळीची खोली आणखी अडीचशे ते चारशे ग्रॅम. म्हणजे साध्या ताडपत्रीसह ही जोडी सव्वा किलोच्या आसपास जाते, आणि एकट्याला एवढे मोठे छप्पर, त्याखाली बसून स्वयंपाक करण्याची, कपडे टांगण्याची, सॅक उघडी ठेवण्याची जागा दुसऱ्या कोणत्याही प्रकारात मिळत नाही. जाळीशिवाय नुसत्या ताडपत्रीखाली झोपणे मात्र कटाक्षाने टाळावे. डास हे त्याचे एक कारण. कोकणातल्या दगडगोट्यांत फुरसे आणि विंचू असतात आणि पावसात तेही कोरडी जागा शोधतात, हे दुसरे आणि अधिक गंभीर कारण. जाळीच्या खोलीच्या तळाच्या कडा दहा-पंधरा सेंटिमीटर वर उचललेल्या असल्या म्हणजे उडणारे शिंतोडेही आत येत नाहीत.

ताडपत्रीची मर्यादा वाऱ्यात दिसते. नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर फेकले जाताना अनेकांनी पाहिले असेल. कोकणातून वर चढणारा वारा घाटाच्या कड्यावर असा जोर धरतो, तेव्हा पाऊस आडवा आणि कधी खालूनही येतो, आणि उघड्या बाजूंच्या छपराचा तेथे काही उपाय चालत नाही. घाटमाथ्यावर राहायचे असेल तर चारही बाजूंनी खाली उतरणारे आवरण हवे. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर उकाडा तसाही नसतो. गार वारा, धुके आणि संततधार असते, आणि त्या दिवसांत एकट्याने तंबू लावण्यापेक्षा पायथ्याच्या गावात कोणाच्या ओसरीवर किंवा देवळात परवानगी घेऊन राहणे मी अधिक शहाणपणाचे समजतो.

टांगती झोळी, म्हणजे हॅमॉक, झाडे असलेल्या ठिकाणी उष्ण पावसाळी हवेत फार सुखाची असते, कारण पाठीखालून हवा खेळते आणि जमीन कितीही चिखलाची असली तरी फरक पडत नाही. शिवलेली जाळी असलेली झोळी घ्यावी, झाडाला दोर थेट न बांधता किमान अडीच सेंटिमीटर रुंदीचे पट्टे वापरावेत आणि ते आडव्या रेषेशी साधारण तीस अंशांचा कोन करतील असे सैल बांधावेत. वरची ताडपत्री झोळीपेक्षा दोन्ही टोकांना पुढे आलेली हवी. पट्ट्यांवरून ओघळणारे पाणी झोळीत येऊ नये म्हणून ताडपत्रीच्या आडोशाला पट्ट्यावर एक छोटी सुतळी लोंबती बांधावी. पाणी तिच्यावरून खाली गळून जाते. पांगारा आणि शेवगा यांचे लाकूड ठिसूळ असते, त्यांना झोळी बांधू नये, आणि नारळाखाली तर मुळीच झोपू नये. पण झोळी हा एकमेव निवारा म्हणून घेताना हे लक्षात ठेवावे की सड्यांवर आणि गडमाथ्यांवर दोन भक्कम झाडे योग्य अंतरावर मिळतीलच असे नाही.

शरीराभोवती गुंडाळायच्या जलरोधक पिशवीबद्दल, म्हणजे बिव्हीबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. तिचे श्वास घेणारे कापड आत आणि बाहेर बाष्पाचा दाब वेगवेगळा असेल तरच काम करते. बाहेरची हवा उबदार आणि ओली असताना तो फरक फारसा उरत नाही. ती आपल्यासाठी नाही.

कापड आणि त्याचे आकडे

तंबूच्या पट्टीवर १५००, ३००० किंवा ५००० मिलिमीटर असे आकडे छापलेले असतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला असता थेंब पार होऊ लागतात, त्याची ती उंची असते. वरच्या आवरणाला नव्या स्थितीत १५०० मिलिमीटर पुरेसे असतात, कारण ताणलेल्या उतरत्या कापडावर पडणाऱ्या पावसाचा दाब बराच कमी असतो. तळाला मात्र गुडघा किंवा कोपर टेकल्यावर दाब एकवटतो, म्हणून तेथे ३००० किंवा अधिक पाहावे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सरासरी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून तंबूही त्या आकड्याचा हवा, असा गोंधळ काहींचा होतो. या दोन मोजमापांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

छापील आकड्यापेक्षा लेप कशाचा आहे हे आपल्याकडे अधिक महत्त्वाचे आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक तंबूंना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. उष्णता आणि दमटपणा यांत या लेपाचे रासायनिक विघटन होते. तो आधी चिकट होतो, मग त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी पापुद्रे सुटतात. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या हवेत कपाटात गुंडाळून ठेवलेला तंबू फारसा न वापरताही असा खराब होऊ शकतो. सिलिकॉनच्या लेपाला हा रोग नाही. म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्याने थोडे पैसे जास्त गेले तरी दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेले कापड पाहावे. त्यात अडचण एवढीच की या कापडाच्या शिवणींवर कारखान्यात पट्टी चिकटवता येत नाही, आणि पुष्कळदा त्या आपल्यालाच सिलिकॉनने बुजवाव्या लागतात. सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचेच आणि पॉलियुरेथेनच्या कापडाला पॉलियुरेथेनचेच लुकण लावावे. अदलाबदल केल्यास ते धरत नाही.

मूळ कापड नायलॉन की पॉलिएस्टर, हाही विचार करावा. नायलॉन फाटायला चिवट असते, पण पाणी शोषून सैल पडते, त्यामुळे संध्याकाळी ताठ ताणलेला तंबू मध्यरात्री पोट खाली सोडतो, त्या खोलगटात पाणी साचते आणि कधी ते आतल्या जाळीला टेकते. मग पावसात बाहेर येऊन ताण, म्हणजे तंबू ओढून धरणाऱ्या दोऱ्या, पुन्हा आवळावे लागतात. पॉलिएस्टर ओले झाल्यावर जवळजवळ सैल पडत नाही आणि उन्हालाही जास्त टिकते, म्हणून सलग पावसासाठी माझा कल त्याच्याकडे आहे. डायनीमा नावाचे पारदर्शकसर कापड पाणी शोषत नाही, ताणले जात नाही आणि वजनाला नायलॉनच्या निम्म्याहून कमी भरू शकते, परंतु त्याची किंमत कित्येक पट आहे. पहिला तंबू त्याचा घेऊ नये.

मापे आणि जमीन

कागदावर दिलेली लांबी तळाची असते, आणि उतरत्या भिंतींमुळे पाय व डोके कापडाला लागतात. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाने किमान २१५ सेंटिमीटर लांबीची आतली खोली पाहावी आणि दुकानात आडवे पडून खात्री करावी. पावसामुळे तासन्‌तास आत बसावे लागते, तेव्हा मान न वाकवता बसता येईल इतकी, म्हणजे एक मीटरच्या आसपास उंची हवी. या दोन बाबतींत शंभर ग्रॅम वाचवण्यासाठी तडजोड करू नये.

आता आपल्या भूमीचा विचार. काठीवर उभे राहणारे सगळे हलके तंबू खुंट्यांच्या आणि ताणांच्या जोरावर उभे असतात, आणि सह्याद्रीचा कातळ किंवा कोकणातला जांभ्याचा सडा खुंटीला दाद देत नाही. तेथे एक उपाय असतो: ताणाच्या टोकाला मुठीएवढा दगड बांधून त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवावा, म्हणजे घर्षणाने ताण धरून राहतो. त्यासाठी प्रत्येक ताण मूळ लांबीपेक्षा निदान एक मीटर जास्त असावा. ही दोरी वेगळी विकत घ्यावी लागते आणि तिचे वजन नगण्य असते. याउलट पावसाने मऊ झालेल्या लाल मातीत खुंटी सहज जाते आणि तितक्याच सहज निघते, म्हणून अठरा-वीस सेंटिमीटर लांबीच्या, तीन पाकळ्यांच्या छेदाच्या खुंट्या घ्याव्यात आणि प्रत्येकीवर दगड ठेवावा.

स्वतःच्या सांगाड्यावर उभा राहणारा तंबू दोन-तीनशे ग्रॅमनी जड असतो, तरी ज्यांना कातळावर वारंवार राहायचे आहे त्यांनी तो घ्यावा असे मी सुचवेन, आणि त्यामागे सोयीपेक्षा मोठे कारण आहे. खुंटीला चांगली, मऊ, सपाट माती बहुधा उताराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याच्या काठाला साठलेली असते, आणि संततधारेत नेमक्या त्याच जागा सर्वांत धोक्याच्या असतात. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराच्या कड्याखाली गाडली गेली, हे पावसाळ्यात जागा निवडणाऱ्या कोणीही विसरू नये. मातीच्या शोधात तंबूने आपल्याला तशा जागी न्यावे, यापेक्षा तीनशे ग्रॅम वाहणे केव्हाही बरे. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात, त्यांच्यापासून कोणताही तंबू संरक्षण देत नाही. त्या दिवसांत उघडा माथा आणि एकटे उभे झाड दोन्ही टाळावे. अभयारण्ये आणि संरक्षित गड यांच्या हद्दीत मुक्कामाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

तळाखाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या कडेपेक्षा चारही बाजूंनी थोडा आत दुमडलेला असावा. तो बाहेर डोकावत राहिला तर आवरणावरून ओघळलेले पाणी त्याच्यावर गोळा होऊन थेट अंथरुणाखाली येते.

विकत घेतल्यावर

नवा तंबू इमारतीच्या गच्चीवर किंवा अंगणात उभारावा आणि बागेच्या नळीने वीस मिनिटे पाणी मारावे. शिवणी, दाराच्या चेनचे टोक आणि ताण जेथे शिवलेले असतात ते कोपरे बोट फिरवून पाहावेत. गळती जवळजवळ नेहमी तेथेच सापडते. त्यानंतर पाऊस पडत असताना, अंधारात, फक्त डोक्याच्या दिव्यावर तो एकदा उभारून पाहावा. दहा मिनिटांत उभा राहिला नाही, किंवा उभारताना आतली खोली भिजली, तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी निर्णय घ्यावा.

परतल्यावर तंबू त्याच दिवशी घरात दोरीवर पंख्याखाली सोडावा, कारण दमट हवेत एक-दोन दिवसांतच बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते पूर्ण निघत नाहीत. साबणाची पूड वापरू नये. साध्या पाण्याने चिखल काढावा. शिवणींच्या आणि खिशांच्या घड्या पूर्ण कोरड्या झाल्याची हाताने खात्री करून तो कंपनीच्या घट्ट पिशवीत न कोंबता सुती उशीच्या अभ्र्यात सैल ठेवावा, आणि पुढच्या मे महिन्यात, पहिल्या वळिवाच्या आधी, उघडून आतल्या लेपावरून बोट फिरवावे: ते चिकटले तर लेप गेला असे समजावे आणि त्या पावसाळ्यात त्याच्या भरवशावर डोंगरात जाऊ नये.